घारीचा नंबर

१० मे

चि. घारीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. नेहमीपेक्षा दोन जास्तच, कारण कॉलेजंही दोन मिळाली आहेत.

या विषयावर यापुढे पत्रच लिहायचं असं मी ठरवलं आहे. फोनवर तू बोलतेस आणि मी गिऱ्हाइकाला उत्तर देते. परवा तू उड्या मारत निकाल सांगत होतीस आणि मी तुला बुधवारी येऊन चष्म्याच्या काड्या बदलून न्यायला सांगितलं. पत्रात निदान असा घोळ होत नाही.

ऑप्टोमेट्रीच्या दोन-दोन कॉलेजांनी आपल्या घरातल्या मुलीला बोलावलं, म्हणून मी दुकानात एकटीच हसत बसले होते. समोरच्या माणसाला वाटलं, त्याच्या तोंडावर फ्रेम शोभत नाही म्हणून मी हसते आहे. तो फुरंगटून दुसरी मागायला लागला. ती त्याला खरंच जास्त शोभली, तेव्हा तुझ्या निकालाने एका अनोळखी माणसाचंही भलं झालं.

आता कामाचं. तुझ्या बापाने सांगितलं ते असं की, एक कॉलेज नऊ मजली, सगळं काचेचं, मशीनं नवी कोरी. दुसरं कौलांचं, डोळ्यांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, वर्गात जेमतेम वीस मुलं. माझं मत विचारशील तर काचेचं. बत्तीस वर्षं मी नंबर काढते आहे, पण शिकले ती म्हाताऱ्या चष्मेवाल्याच्या शेजारी उभं राहून. माझ्याकडे दाखवायला कागद नाही. चार्टच्या डाव्या हाताला मी गेल्या महिन्यात एक खिळा ठोकून ठेवला आहे. त्यावर तुझं सर्टिफिकेट लागणार. मोठ्या कॉलेजचं असलं तर लोकांना दारातूनच नाव वाचता येईल.

तुला आठवतं ना, पाच वर्षांची असताना सुट्टीत त्याच चार्टसमोर स्टुलावर बसायचीस. एक डोळा झाकून शेवटची ओळ घडाघडा वाचायचीस, मग दुसरा झाकून. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. घार हे नाव मी तेव्हाच ठेवलं. आपल्या घरात झाडून सगळ्यांना चष्मा, एक तुला सोडून. चष्मेवालीची भाची म्हणून मला तुझा किती अभिमान वाटायचा, ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

तरी दोन्ही बघून ये. इमारती बघू नकोस, त्या कुणालाही बांधता येतात. दोन गोष्टी बघ. नंबर काढायच्या फ्रेमच्या नाकावरच्या गाद्या झिजल्या आहेत का? झिजल्या असतील तर तिथे पेशंट येतात. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची नखं कापलेली आहेत का? कापलेली असतील तर त्यांना कुणीतरी माणसाच्या डोळ्याजवळ हात नेऊ देतंय.

पैकी काचेच्या कॉलेजला पंधरा जूनपर्यंत होकार कळवायचा आहे, हे विसरू नकोस. माझी माया तुझ्यावर आहे, आणि नजरही.

तुझी
आत्या


१९ मे

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार मोठ्या कॉलेजातून आल्या आल्या करते आहे, तेव्हा तोही नऊ मजली समज.

आत्या, काय ते कॉलेज! लिफ्ट बोलते. जिन्यात माणूस दिसत नाही, कारण जिना आहे कुठे तेच कुणाला माहीत नाही. बाबा तीन मजले जिना शोधत फिरले आणि शेवटी लिफ्टची माफी मागून तिच्यातच शिरले. डोळ्याचं एक मॉडेल पाहिलं, आपल्या दुकानाएवढं. त्यात आत जाऊन उभं राहता येतं. मी बुबुळातून डोकं बाहेर काढलं तेव्हा बाबांनी माझा फोटो काढला. सोबत पाठवते आहे, हसू नकोस.

तुझ्या दोन गोष्टी पाहिल्या. नंबर काढायच्या फ्रेम अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, गाद्यांवर ओरखडासुद्धा नाही. पेशंट तिसऱ्या वर्षापासून, तोवर मशीनवर सराव. एका मुलीची नखं जांभळी आणि चांगली बोटभर लांब होती. पण ती फार गोड बोलली, म्हणून मी तिला मनातून माफ केलं.

येणाऱ्या सगळ्यांचे डोळेही तपासतात तिथे. मला खुर्चीत बसवलं, समोर पडद्यावर चार्ट. अगं, आपलाच चार्ट! अक्षरं तीच, क्रम तोच. दिवा नीट लागायच्या आत मी दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ म्हणून मोकळी झाले. तपासणारा बघतच राहिला. दृष्टी उत्तम, असा गुळगुळीत कागद त्यांनी लगेच छापून दिला. तू इथे असतीस तर दहा जणांना बोलावून दाखवलं असतंस.

मला वाटतं, खिळ्याचं काम होणार. तरी बावीस तारखेला कौलांचं पाहून येतो. तिथे लिफ्ट नाही, त्यामुळे बाबा खूश आहेत.

लोभ वाढवायची गरज नाही, आहे तोच मला पुरून उरतो.

तुझी
घार


२३ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मी क्वचित लिहितो, तेव्हा कारण गंभीर आहे हे तू ओळखलं असशीलच.

तुला माहीत आहे, पंचवीस वर्षं मी बसची वेळापत्रकं बनवतो. मला चौकटी आखल्याशिवाय विचार करता येत नाही. दोन्ही कॉलेजांचा तक्ता मी तयार केला. यंत्रं, शिक्षक, वसतिगृह, घरापासूनचं अंतर, पुढे नोकरी, असे अकरा रकाने. काचेच्या कॉलेजला मिळाले एकसष्ट गुण, कौलांच्या कॉलेजला अठ्ठावन्न. म्हणजे गाडी वेळेत होती.

काल कौलांचं पाहायला गेलो. बाहेर बाकांवर पेशंटची ही गर्दी. तुझ्या त्या गाद्या मीच वाकून पाहिल्या, पार झिजून पिवळ्या पडल्या आहेत. घारीला तपासायला आत नेलं. दहा मिनिटांचं काम, पण ती आली पाऊण तासाने. चेहरा उतरलेला, हातात घडी घातलेला कागद. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही.  घरी आल्यावर तिने माझ्या तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि सांगितलं, मी कौलांच्या कॉलेजात जाणार. तिची आई म्हणते, पोरीला जरा श्वास घेऊ द्या. मी श्वास घेऊ देतो आहे, पण ताई, तो कागद तिने उशीखाली ठेवला आहे आणि मला दाखवत नाही.

ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. काय ते तूच विचार. लहानपणापासून तू मला रागावत आलीस, आता माझ्या वाटणीचं थोडं तिला रागाव.

तुझ्या मायेला सवयीने जागा राखून ठेवणारा,
तुझा धाकटा


२७ मे

चि. घारीस,

आशीर्वाद आहेत, पण आज ते दात-ओठ खाऊन देते आहे.

बापाच्या तक्त्यावर रेघ मारलीस त्याचं मला काही नाही, त्याचे तक्ते मी लहानपणापासून खोडते आहे. पण कारण न सांगता? एकोणीस तारखेला तू बोलत्या लिफ्टवर जीव टाकत होतीस आणि तीन दिवसांत कौलं आवडायला लागली? कुणी काही बोललं का? चष्मेवालीची भाची म्हणून नाक मुरडलं का? तसं असेल तर नाव सांग, मी पुढच्या गाडीने येते.

मला काचेचंच का हवं, तेही ऐक. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. मी त्यांचा नंबर काढला, अर्धा तास जीव ओतून. उठताना त्यांनी विचारलं की आता डॉक्टर कधी येतील? मी म्हटलं, डॉक्टर नाहीत, मीच. त्या उठल्या, पर्स उचलली आणि निघून गेल्या. बत्तीस वर्षांत असं किती वेळा झालं ते मी मोजणं सोडून दिलं आहे. त्या खिळ्याकडे बघून मी त्या दिवशी दुपारचा डबा खाल्ला. तू तिथे नाव काढशील, मग मला कुणी डॉक्टर कधी येतील म्हणून विचारणार नाही, एवढं साधं माझं म्हणणं आहे.

उशीखालचा कागद काय आहे? उलट टपाली उत्तर हवं.

राग आहे म्हणजे माया आहेच, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझी
आत्या


१ जून

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र दुकानात वाचू नकोस. घरी जाऊन, पाणी पिऊन वाच. (तू दुकानातच वाचणार, मला माहीत आहे. निदान गिऱ्हाईक गेल्यावर वाच.)

कौलांच्या कॉलेजात येणाऱ्यांचे डोळे पहिल्या वर्षाची मुलं तपासतात. माझ्या वाट्याला एक घाबरट मुलगी आली, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. चार्ट तोच, आपला. मी उजव्या डोळ्याने वाचला, डाव्याने वाचला, तिने खूश होऊन वहीत लिहिलं. मागे त्यांच्या बाई उभ्या होत्या. साठीच्या असतील, स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरतो आणि त्या तो मनगटाने वर ढकलतात. त्यांनी मला विचारलं की हा चार्ट तू कोणाच्या घरी शिकलीस?

मी तुझं नाव सांगितलं, अगदी छाती फुगवून. मग त्या म्हणाल्या की तू वाचत नाहीस, तू म्हणतेस. दोन्ही डोळ्यांनी एकाच चालीत, एकाच ठिकाणी श्वास घेऊन. शिवाय डावा डोळा तपासताना मुलीने दिवा सारखा करायच्या आतच पहिली ओळ संपली होती.

त्यांनी चार्ट बदलला. नव्यावर अक्षरं नाहीत, नुसत्या रिंगा. प्रत्येक रिंग एका बाजूने तुटलेली. कुठे तुटली आहे ते हाताने दाखवायचं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. माझा उजवा डोळा बाईंनी स्वतःच्या तळहाताने झाकला. आत्या, मला पहिल्या दोन ओळी दिसल्या. तिसरीत सगळ्या रिंगा धुक्यात गेल्या. मी दाखवायला हात वर केला आणि तो तसाच राहिला.

डाव्या डोळ्याला प्लस साडेचारचा नंबर आहे. उजवा जवळजवळ ठीक. जन्मापासून सगळं काम उजवा करत आला आणि डाव्याने बघणंच सोडून दिलं. आळशी डोळा म्हणतात त्यालाच. मला कधी कळलं नाही, कारण मला दुसरं काही माहीतच नव्हतं. आणि तुला कळलं नाही, कारण डावा डोळा बघत नव्हता तरी मी म्हणत होते. खोटं बोलत नव्हते गं. तुझी शपथ, मला अक्षरं दिसतात असंच वाटायचं.

बाईंनी लपवलं नाही. लहानपणी सापडला असता तर बहुतेक पूर्ण सुधारला असता. अठराव्या वर्षी किती सुधारेल ते त्या सांगू शकत नाहीत. चष्मा घालायचा, उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी बांधून डाव्याकडून काम करून घ्यायचं, आठ आठवडे. बारा ऑगस्टला पुन्हा तपासणार. डावा पाचव्या ओळीपर्यंत आला आणि दोन्ही डोळे मिळून खोली ओळखू लागले तर जागा माझी, कारण त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून दुर्बिणीसारख्या मशीनमधून पेशंटचा डोळा बघायचा असतो. नाही आला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

काचेच्या कॉलेजात मी पास झालेलीच आहे. गुळगुळीत कागद आहे माझ्याकडे. पंधरा तारखेला होकार कळवला की विषय संपला, कुणी परत विचारणारही नाही. आई-बाबांना काल सांगितलं. बाबांनी तक्ता पुढे ओढला आणि बारावा रकाना आखला. त्याला नाव काय द्यावं ते त्यांना सुचेना.

मला भीती वाटते आहे. हातातली जागा सोडून मी कदाचित कुठेच पोचणार नाही. पण ज्यांनी मला दहा मिनिटांत पास केलं त्यांच्याकडून मी काय शिकणार? ज्यांनी मला पकडलं त्यांच्याकडून शिकायचं आहे. तू हो म्हणालीस तरच मी काचेच्या कॉलेजला नकार कळवीन.

एक मागणं आहे. नंबरचा कागद सोबत ठेवला आहे. चष्मा तूच कर, दुसऱ्या कुणाच्या हातचा मला नको. आणि घार हे नाव हवं तर परत घे, मी समजून घेईन.

रागावलीस तरी चालेल, पण गप्प राहू नकोस.

तुझीच


११ जून

चि. घारीस,

हो, घारीसच. अनेक आशीर्वाद.

दहा दिवस गप्प राहिले, कारण पहिले तीन दिवस मला काही सुचत नव्हतं आणि पुढचे सात दिवस मला वेळ नव्हता.

पत्र दुकानातच वाचलं. भर दुपारी शटर ओढून घेतलं आणि तुझ्या स्टुलावर जाऊन बसले. एक डोळा झाकला, चार्टकडे पाहिलं. मग लक्षात आलं की मी दोन्ही डोळे मिटले तरी तो मला दिसतो. बत्तीस वर्षं त्याच्याकडे बघून बघून मी त्याच्याकडे बघायचीच थांबले होते. मी खूप रडले. तुला गिऱ्हाइकांपुढे नाचवत होते, आणि माझ्या समोर बसलेल्या पोरीचा एक डोळा झोपलेला होता. हजारो लोकांचे नंबर काढले. तुला एकदासुद्धा मशीनवर बसवलं नाही, गरजच वाटली नाही. चूक तुझी नाही, शपथा कसल्या घेतेस? पाच वर्षांच्या मुलीला चार्ट पाठ होऊ देणारी मी. हे मी तुला तोंडावर सांगणार आहे, पण आधी लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी मला पळता येणार नाही.

आता उत्तर. काचेच्या कॉलेजला आजच्या आज नकार कळव. जागा मिळो न मिळो. त्या बाईंनी मला न बघता माझी चूक पकडली, अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मी स्वतः अठरा वर्षांची व्हायला तयार आहे.

चष्मा सोबत आहे. तीन काचा वाया घालवल्या, चौथी मनासारखी झाली. प्लसची काच मध्ये जाड असते, म्हणून फ्रेम मुद्दाम लहान आणि गोल घेतली आहे, त्यात ती पातळ बसते. डावी बाजू तरी जड होणारच, म्हणून त्या अंगाची काडी कानामागे जरा जास्त वाकवली आहे. घसरला तर मनगटाने वर ढकलायचा नाही. कॉलेजच्या बाईंनाही सांग, एकदा माझ्या दुकानात या, पाच मिनिटांत नाकावर बसवून देते.

आणि सात दिवस काय करत होते ते ऐक. जुना चार्ट खाली उतरवला. रिंगांचा मागवला. मग विचार केला, माझ्या दुकानात बसून अक्षरं शिकलेली तू एकटीच का? आसपासच्या दुकानांतली, वरच्या मजल्यावरची, अशी सात मुलं मोजली, जी शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊन बसतात. सातही जणांना जुना चार्ट तोंडपाठ आहे. एकेकाला बोलावते आहे. शेजारच्या शिंपिणीची पाच वर्षांची पोर, जिला सगळे बटण म्हणतात, ती अजून यायची आहे. तिला ताप आहे.

पट्टी चार तास म्हणजे चार तास. बापाला सांग वेळापत्रक आखून दे.

जीव लावून आहे. नीट बघ.

तुझी
आत्या


१३ ऑगस्ट

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आज नमस्कार उड्या मारत आहे, अक्षर बिघडलं तर चालवून घे.

आधी आठ आठवड्यांचा हिशोब देते, नाहीतर शेवट सांगून टाकीन. बाबांनी वेळापत्रक आखलं, अगदी बसचंच. सकाळी सात ते नऊ पहिली फेरी, संध्याकाळी पाच ते सात दुसरी, आणि खाली तांबड्या शाईत, उशीर झाल्यास पुढील फेरी जोडली जाईल. पहिल्या आठवड्यात पाणी पेल्याऐवजी टेबलावर ओतलं. आईच्या मैत्रिणीला मावशी समजून मिठी मारली. एकदा पट्टी बांधून बाबांबरोबर फिरायला निघाले आणि दुकानाच्या काचेत दिसलेल्या बाईला नमस्कार केला, ती मीच होते. बाबा अख्खा रस्ता हसत आले.

तिसऱ्या आठवड्यात सुईत दोरा ओवायला बसले. दोन तास लागले आणि मी सुई भिंतीवर फेकली. त्या दिवशी वाटलं, काही होत नाही, गेली जागा. आई उठली. तिने सुई शोधली आणि परत हातात दिली. सहाव्या आठवड्यात तोच दोरा पाच मिनिटांत ओवला.

काल गेले. खुर्चीत बसले. तीच घाबरट मुलगी, आता जरा कमी घाबरट. बाईंनी पुन्हा तळहाताने उजवा डोळा झाकला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. तिसरीत धुकं नव्हतं गं! चौथी. पाचवीला मी हळू झाले, पण एकेक रिंग कुठे तुटली ते दाखवत गेले, डावीकडे, खाली, वर, पुन्हा वर. बाईंनी तळहात काढला नाही. म्हणून मी सहावीपण दाखवली, त्यात दोन चुकल्या.

मग त्यांनी एक खास चष्मा घालायला दिला आणि समोर एका भल्या मोठ्या माशीचं चित्र ठेवलं. तिचे पंख चिमटीत धर म्हणाल्या. मे महिन्यात याच चित्रावर माझं बोट कागदाला जाऊन टेकलं होतं. काल माशी कागदातून उठली! पंख वर, हवेत. मी दचकून हात मागे घेतला. मग चिमूट पुढे केली, कागदाच्या चांगली चार बोटं वर, आणि हवेतच पंख धरले. आत्या, अठरा वर्षं मी सपाट जगात राहत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी येताना झाडाखाली थांबले तर प्रत्येक पान वेगळ्या जागी होतं. मी तिथे उभी राहून हसत होते, बाबा रडत होते, आणि आमची बस निघून गेली. बाबांनी बस चुकवली, आयुष्यात पहिल्यांदा!

जागा माझी. बाईंनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. सोमवारी आठ वाजता ये आणि हात धुऊन ये, एवढंच म्हणाल्या. दाराशी पोचले तेव्हा मागून विचारलं, हा चष्मा कोणी केला? तुझं नाव सांगितलं. त्यांनी तो काढून घेतला, उजेडाकडे धरून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या की या बाईला काच कळते. त्या येणार आहेत तुझ्याकडे, नाक घेऊन.

नखं कापली आहेत. नाव परत द्यायचं की ठेवायचं ते तू ठरव.

अख्ख्या जगावर आज माझा लोभ आहे, सगळ्यात मोठा वाटा तुझा.

तुझी
दोन डोळ्यांची भाची


२० ऑगस्ट

चि. घारीस,

अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद. आणि नाव तुझंच राहील. पूर्वी मी फुकट दिलं होतं, आता तू कमावलंस.

तुझं पत्र मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. माशीपाशी आले तेव्हा दुकानात चौघे होते, चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले दोघे नुसते पत्ता विचारायला आले होते.

आता माझ्याकडची बातमी. मुद्दाम राखून ठेवली होती, तुझी परीक्षा होईपर्यंत तुला दुसरा घोर नको म्हणून. सात मुलांपैकी सहा चांगली निघाली. सातवी बटण. जूनमध्ये ताप उतरल्यावर आली, जुना चार्ट दोन्ही डोळ्यांनी झक्क म्हणून दाखवला, अगदी तुझ्या चालीत.  रिंगांचा लावला. डाव्या डोळ्याने शेवटपर्यंत गेली. उजवा उघडून डावा मी माझ्या तळहाताने झाकला आणि पोर दुसऱ्या ओळीला थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली की आत्या, दिवा गेला.

त्याच दिवशी तिला आणि तिच्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं, बरोबर पकडलंत, वेळेत आलात, पाचव्या वर्षी हा डोळा पूर्ण सुधारेल. शिंपीण तिथल्या बाकावर माझ्या गळ्यात पडून रडली. मग तिने बटणच्या प्रत्येक फ्रॉकच्या उरलेल्या कापडाची एकेक पट्टी शिवली. फुलाफुलांच्या फ्रॉकवर फुलाफुलांची पट्टी. आता गल्लीतल्या बाकीच्या मुलींना पण पट्टी हवी आहे. काल बटण उजव्या डोळ्याने सहाव्या ओळीला पोचली. मी तिला उचलून फिरवली, पाठीत उसण भरली, पर्वा नाही.

तू काचेच्या कॉलेजला हो म्हणाली असतीस तर मी जुना चार्ट कधीच उतरवला नसता. त्या पोरीचा डोळा तुझ्यासारखा अठराव्या वर्षापर्यंत झोपला असता, किंवा कायमचा. हे मी रोज सकाळी शटर उघडताना स्वतःला सांगते.

मागे पर्स उचलून गेलेल्या त्या बाई परवा पुन्हा आल्या, नातवाला घेऊन. शिंपिणीने त्यांना काय सांगितलं कोण जाणे. डॉक्टर कधी येतील असं त्यांनी विचारलं नाही. नातवाला स्टुलावर बसवून त्या म्हणाल्या की याला तुम्हीच बघा.

खिळ्याचं तुला सांगायचं राहिलं. तो मी रिकामा ठेवलेला नाही. तुझ्या नंबरचा कागद चौकटीत घालून त्यावर लावला आहे, प्लस साडेचार, कॉलेजच्या बाईंच्या सहीसकट. कुणी विचारलं हे काय, तर सांगते, ही माझी बत्तीस वर्षांतली सगळ्यात मोठी चूक, आणि माझ्या भाचीने ती पकडू दिली. चार वर्षांनी तुझं सर्टिफिकेट आलं की शेजारी दुसरा खिळा ठोकू. हा उतरवायचा नाही.

कॉलेजच्या बाईंना नाकासकट लवकर पाठव. तुझ्यावरची माया मोजायला अजून कुठलाच चार्ट निघालेला नाही.

तुझी
आत्या

ता. क. आज बटण स्टुलावर बसली आणि मी दिवा लावायच्या आत तिने हात फिरवायला सुरुवात केली. डावीकडे, खाली, वर, पुन्हा वर. नवा चार्टही पाठ झाला कार्टीला! उठले आणि उलटा टांगला.